डबा किरायानं देणे आहे

बाबांनी आयुष्यात एकदाच गुंतवणूक केली, आणि ती क्रेनला लटकत आली.

बाबा रेल्वेच्या डबे दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. आजोबा वर्ध्याकडून नोकरीसाठी रायपूरला आले आणि इथलेच झाले; बाबा त्यांच्या मागून त्याच कारखान्यात लागले. माझा जन्म रेल्वेच्या क्वार्टरमधला. बाबा निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सोडून आम्ही गुढियारीत दोन खोल्यांचं घर घेतलं. आई, बाबा आणि मी. मी तेव्हा एका विमा कचेरीत नुकतीच लागले होते.

राज्य वेगळं होऊन काही वर्षं झाली होती. शहरात जो भेटेल तो जमिनीबद्दल बोलायचा. आता त्या भागाला नवा रायपूर म्हणतात, आम्ही नया रायपूर म्हणायचो. तिकडे जायच्या वाटेवर एका गावाला लागून बाबांनी नोकरीत असतानाच दोन सोबत्यांबरोबर छोटा तुकडा घेऊन ठेवला होता. सोबत्यांनी आपापला वाटा विकला. बाबांनी विकला नाही. घर बांधून किरायानं द्यायचं, पेन्शनला तेवढाच हातभार, असा त्यांचा साधा हिशेब होता. पण पटवाऱ्याकडे, म्हणजे तलाठ्याकडे, चौकशीला गेले तेव्हा तो म्हणाला, "बाबूजी, दीवार मत उठाइए. कब कौन सी सड़क निकल जाए, कोई नहीं जानता." म्हणजे जमीन आपली, पण तिच्यावर पक्कं काही उभं करायचं नाही.

दुसरा कोणी असता तर त्यानं जमीन विकली असती. माझा मामा नागपूरहून फोनवर तेच सांगत होता. बाबा मात्र रोज सायकलनं तिकडे जायचे, नाही तर एखाद्या डंपरवाल्याला हात दाखवून. तिथं रस्ते बनत होते, इमारती वर चढत होत्या. एका मोठ्या ठेकेदाराचं काम संपलं आणि त्यानं साइटवरचं सामान विकायला काढलं. त्यात दोन केबिन होत्या. पत्र्याच्या, आयताकृती, दार-खिडक्या असलेल्या. एकीत इंजिनियर बसायचे, दुसरीत सिमेंटची पोती. बाबा त्यांच्यासमोर तासभर उभे राहिले असणार. ज्या माणसानं पस्तीस वर्षं रेल्वेच्या डब्यांखाली झोपून बोल्ट आवळले, त्याला जमिनीवर ठेवलेला डबा परका वाटला नसणार.

घरी येऊन ते आईला म्हणाले, "सरकारनं जागा घेतली त घेऊ दे. घर आपण उचलून नेऊ."

आईला काही समजलं नाही. मलाही नाही. मग एका सकाळी आम्ही तिघं जागेवर गेलो आणि हायड्रा, म्हणजे ती पिवळी छोटी क्रेन, एक केबिन हवेत धरून हळूहळू येताना पाहिली. बाबांनी भंगारातून रेल्वेच्या रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर आणून ओळीनं मांडून ठेवले होते. त्यांच्यावर पहिली केबिन टेकली, मग दुसरी. आईनं एकीला प्रदक्षिणा घातली, बोटांच्या सांध्यांनी भिंत वाजवून पाहिली.

"हे घर होय? ही त मोठी ट्रंक होय."

"ट्रंकेले खिडक्या असतात का?" बाबा म्हणाले.

पुढचे तीन महिने बाबा तिथंच. मागं न्हाणीघर केलं, आतून प्लायवूड लावलं, वायरिंग स्वतः केली, दारांना नवे कडी-कोयंडे गोल बाजारातून आणले. ठेकेदार येऊन विचारायचे, आठ-दहा मजूर ठेवतो, महिन्याला इतके देतो. बाबा नाही म्हणायचे. मामा चिडला. बाबा त्याला फोनवर म्हणाले, "मले गर्दी नाही पाहिजे. मले टिकणारा किरायदार पाहिजे. आला की राहिला पाहिजे."

पहिले किरायदार दोन तरुण सुपरवायझर होते. हिवाळ्यात आले, खूश होते, बाबांना अंकल म्हणायचे, संध्याकाळी चहा पाजायचे. एप्रिलचा पहिला आठवडा उलटला नाही तोच सामान बांधून उभे. त्यातला एक हसत म्हणाला, "अंकल, इसमें आप बिजौरी सुखाइए." बिजौरी म्हणजे आपले उडदाचे सांडगे. तो मुलगा वाईट नव्हता, गमतीनंच म्हणाला. बाबाही हसले. पण दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ज्या खोलीत मी नाही राहू शकत, ते मी दुसऱ्याले कशी देऊ?"

मे महिना लागला तसे ते केबिनमध्ये राहायला गेले. सोबत एक खाट, सुरई, टॉवेल आणि भिंतीवर लावायचा थर्मामीटर.

"तिथं मरान तुम्ही," आई म्हणाली.

"मरत नाही. पाहून येतो, कुठून तापते ते."

रायपूरचा मे ज्यांनी पाहिला नाही त्यांना मी काय सांगू. दुपारी अकरानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. नळाचं पाणी उकळून काढल्यासारखं येतं. अशात साठी ओलांडलेला माणूस पत्र्याच्या खोलीत बसला होता, का तर पुढे येणाऱ्या अनोळखी माणसाला तिथं राहता येईल की नाही हे त्याला पाहायचं होतं. आईनं दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी डबा भरला आणि मला म्हणाली, "आणतोच त्याईले. कान धरून आणतो."

ती संध्याकाळी आली नाही. गावातल्या किराणा दुकानातून मला कचेरीत फोन आला, "मी इथंच थांबून राहिली. पोळ्या करून खाय."

रविवारी मी सकाळच्या पहिल्या टेम्पोनं गेले. जीव उडाला होता माझा. वाटलं दोघांपैकी एक आजारी आहे. पोचले तर केबिनच्या सावलीत खाट टाकलेली आणि दोघं तिच्यावर समोरासमोर बसून कैरी खात होते. बाबांच्या डोक्यावर ओला पंचा, आईच्याही. आईच्या हातात मीठ-तिखटाचा कागद. मला पाहून आई जराशी लाजली.

मला ते दृश्य नवीन होतं. आमच्या क्वार्टरमध्ये आजी होती, दोन काका शिकायला होते, आत्या बाळंतपणाला यायच्या, मग मी. आईबाबांना मी कधी दोघंच असं पाहिलंच नव्हतं. त्यांनीही बहुधा नव्हतं पाहिलं. आई मला म्हणाली, "तुह्या बाबाले गाणं येते, तुले माहीत होतं का?" मला माहीत नव्हतं. छत्तीस वर्षांत तिलाही नव्हतं.

"चल आता घरी," मी म्हटलं.

"तू जाय. आम्ही पाहून राहिलो."

पाहत होती ती आईच. बाबा थर्मामीटर घेऊन आत-बाहेर करत होते, ग्लास वूल लावू की थर्माकोल लावू विचार करत होते. आई नुसती खाट सरकवत होती. सकाळी सावली इकडे म्हणून इकडे, दुपारी तिकडे. तीन दिवस खाट सरकवून तिच्या लक्षात आलं की केबिनची लांब बाजू, तीच दार आणि मोठ्या खिडकीची, बरोबर पश्चिमेकडे तोंड करून आहे. बाबांनी ती रस्त्यावरून चांगली दिसावी म्हणून तशी ठेवली होती. दुपारी बारापासून सूर्य मावळेपर्यंत सगळं ऊन त्या भिंतीवर.

"हे तोंड चुकलं तुमचं," ती म्हणाली.

"आता ठेवली ना पण."

"मंग फिरवा ना. फिरते म्हणूनच त घेतली."

पत्रा कशानं मढवायचा याचा विचार करणाऱ्या फिटरला हे सुचलं नव्हतं. विटांचं घर असतं तर जन्मभर पश्चिमेकडे तोंड करून बसलं असतं. हे घर दोन तासांत फिरणार होतं.

चार दिवसांनी हायड्रा पुन्हा आली. चालवणारा म्हणाला, "बाबूजी, इतना सा घुमाने के लिए बुलाया?" बाबा म्हणाले, "हव." दोन्ही केबिन चतकोर फिरल्या. अरुंद बाजू पश्चिमेला, दार उत्तरेला. मग आईनं दुसरं सांगितलं. गावातल्या घरांवर असतं तसं छतावर वेगळं छप्पर, बांबूच्या ताटीवर पैरा, म्हणजे भाताचा पेंढा, आणि पत्रा व छप्पर यांच्यात वीतभर जागा, वारा जायला. पत्र्याला पांढरा चुना. पुन्हा दोन दिवस राहून पाहिलं. बाबा घरी आले तेव्हा काळवंडले होते, वजन उतरलं होतं, पण म्हणाले, "आता देता येते."

त्यांनी एका पाटीवर स्वतःच्या हातानं रंगवलं, 'घर किराए पर देना है', आणि खाली बारीक अक्षरात, 'गर्मी में रह कर देखा है'.

मंत्रालय तिकडे गेलं त्या वर्षी एक बहीण-भाऊ आले. भाऊ कर्मचाऱ्यांची बस चालवायचा. सकाळी जुन्या रायपुरातून बाबू लोकांना आणायचं, संध्याकाळी पोचवायचं. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा. बहीण त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, लहानपणी पोलिओ झालेली, काठी घेऊन चालायची. शिवणकाम करायची. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. आधी ते टिकरापाऱ्यात दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि ती आठवड्यातून एकदा खाली उतरायची. बाबांना तिनं किराया विचारला नाही. विचारलं ते एवढंच.

"सीढ़ी हे का, बाबूजी?"

पायऱ्या होत्या. स्लीपरवर ठेवल्यामुळे दाराला तीन लोखंडी पायऱ्या होत्या. बाबांनी त्या पायऱ्यांकडे असं पाहिलं, जसं कोणी दुसऱ्यानंच लावल्या आहेत. म्हणाले, "आठ दिवसांनी या." आठ दिवसांत त्यांनी बीरगांवच्या एका वर्कशॉपमधून जाड, खरबरीत पत्रा कापून आणला आणि पायऱ्यांच्या जागी उतार केला, बाजूला पाइपचा कठडा. ती आली, काठी कठड्याला टेकवली आणि हातानं धरून वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. भाऊ मान फिरवून रस्त्याकडे पाहत होता.

ती आम्हा सगळ्यांची दीदी झाली. बाबांना बाबूजी म्हणायची, आईला दाई. दाई म्हणजे छत्तीसगढीत आई. थोड्याच दिवसांत गावातल्या बायका ब्लाउज घेऊन तिच्याकडे येऊ लागल्या, मग मंत्रालयातल्याही. छपराच्या कडेनं तिनं सेमीचा, आपल्या वालाचा, वेल चढवला. दुपारी केबिनजवळून गेलं की मशीनचा आवाज यायचा.

दुसरी केबिन मात्र दिलीच नाही. म्हणजे द्यायची होती. पण त्या हिवाळ्यात आई म्हणाली, आठ दिवस तिथं राहून येऊ. आठाचे पंधरा झाले. पुढच्या हिवाळ्यात दीड महिना. माझं लग्न झालं, मी रायपुरातच शंकरनगरकडे राहायला गेले, तसे ते दोघं तिकडे जास्त आणि गुढियारीत कमी. मामा एकदा आला, सगळं फिरून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊजी, अर्धी गुंतवणूक त तुम्हीच राहून खाल्ली."

बाबा म्हणाले, "मंग? टिकणारे किरायदार पाहिजे होते ना."

तिथं बाबा काय करायचे? बसची वाट पाहायचे. भाऊ संध्याकाळी बस लावून सायकलनं यायचा, मग दोघं मिळून कशाचंतरी कुरकुरणारं बिजागर दुरुस्त करायचे. दीदीच्या मशीनला बाबांनी मोटर लावून दिली, पायानं चालवावं लागू नये म्हणून. ती मोटर लागली त्या दिवशी तिनं आईसाठी पहिलं पोलकं शिवलं. आईनं आयुष्यभर एकाच मापाची पोलकी घातली होती, कारण माप द्यायला शिंप्यासमोर उभं राहायची तिला लाज वाटायची. जुनं पोलकं पाठवायची. दीदीनं तिला उभं करून माप घेतलं. आई म्हणाली, "मी एवढी बारीक आहो हे मलेच माहीत नव्हतं."

बाबा गेले ते गुढियारीतल्या घरी, पावसाळ्यात, चार दिवसांच्या तापानं. दवाखान्यात नेलं, उपयोग झाला नाही. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. तेराव्यापर्यंत दीदी आमच्याकडेच होती. आमच्या घराला तीन उंच पायऱ्या होत्या, भावानं तिला उचलून वर आणलं होतं, आणि ती तेरा दिवस खाली उतरली नाही. स्वयंपाकघरात बसून भाज्या चिरायची. आई रडायला लागली की फक्त विळी बाजूला ठेवायची.

त्यानंतर दोन वर्षांनी कागद आला. पटवारी म्हणाला होता तसंच झालं होतं; रस्ता आमच्या तुकड्यावरून जाणार होता. मोबदला ठरला, मुदत ठरली. भावाची बदली त्याच सुमारास भिलाईकडे झाली होती आणि तो आठवड्यातून एकदाच यायचा. दीदी तिथं एकटीच होती, आणि बाबा गेल्यापासून आई गुढियारीतच. कागदपत्रं मीच पाहत होते. मला वाटलं, आता हे आवरायला हवं. केबिन भंगारवाल्याला द्याव्यात, दीदीला शहरात तळमजल्याची खोली बघून द्यावी, आईला माझ्याकडे आणावं. मी सगळं ठरवूनच आईकडे गेले.

"तिले खोली सोडाले सांगावं लागेन," मी म्हटलं.

आई डाळ निवडत होती. "काहून?"

"अगं, जागा जाऊन राहिली ना."

"जागा जाऊन राहिली. घर कुठं जाऊन राहिलं?"

आई डाळ निवडत राहिली. मग म्हणाली, "तुह्या बाबानं हेच सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. आता तू नको करू तसं."

नवी जागा दीदीनंच शोधली. चारेक किलोमीटरवर दुसऱ्या गावात तिची एक गिऱ्हाईक होती, शेतकरी कुटुंबातली. त्यांच्या घरामागं पाऱ्यातच, म्हणजे वस्तीतच, मोकळी जागा होती, हातपंप जवळ, कडुलिंबाची सावली. त्यांनी ती वर्षाच्या भाड्यानं दिली.

हलवायच्या दिवशी मी कचेरीतून सुट्टी घेतली. हायड्रानं आधी पैऱ्याचं छप्पर उतरवलं, मग वेल सोडवायचा होता. दीदीनं वरचा भाग कापला आणि मुळासकट बुंधा तेलाच्या डब्यात काढला. मग केबिन उचलली. खाली अकरा वर्षांची जागा दिसली; आयताकृती, कोरडी, पांढुरकी माती, त्यात दोन-तीन बॉबिन, एक हुक, एक आंब्याची कोय. दीदी त्या जागेकडे बघत काठीवर उभी होती. भाऊ आदल्या दिवशीच आला होता. त्यानं बॉबिन उचलून तिच्या हातात दिल्या.

केबिन ट्रेलरवर चढली. दीदी म्हणाली, मी आतच बसते, माझं घर आहे. ड्रायव्हर म्हणाला, नियमात बसत नाही. शेवटी आई ड्रायव्हरच्या शेजारी बसली, का तर रस्ता तिला माहीत होता म्हणे, आणि आम्ही तिघं मागून ऑटोत. मशीन दीदीच्या पायाशी, वेलाचा डबा माझ्या मांडीवर.

नया रायपूरचे ते रस्ते. सहा पदरी, दुतर्फा झाडं, आणि गाड्या तुरळक. तशा रस्त्यावरून आमचं घर चाललं होतं, बैलगाडीच्या वेगानं. खिडकीचा पडदा काढायचा राहिला होता. तो बाहेर येऊन फडफडत होता, निळा, त्यावर पांढरी फुलं. एक मोटार आमच्या शेजारी हळू झाली, आतल्या लहान मुलीनं केबिनकडे बोट दाखवलं. दीदीनं तिला हात केला. मग मला म्हणाली, "देख बहिनी, मनखे मन घर जाथें. मैं घर के पाछू जावत हंव." माणसं घरी जातात, मी घराच्या मागं चालले आहे. भाऊ पुढं ऑटोवाल्याजवळ बसला होता. तो कमी बोलणारा माणूस हसायला लागला आणि त्याला ते हसू आवरेना.

नव्या जागेवर आई ट्रेलरमधून उतरली ती थेट हायड्रावाल्यासमोर जाऊन उभी राहिली. हातानं दाखवू लागली, इकडे, अजून इकडे, थांब. तिला हिंदी नीट येत नाही, पण त्याला सगळं समजलं. दार उत्तरेला आलं. उताराचा पत्रा भावानं बसवला. कठडा थोडा वाकला होता, तो तसाच लावला. दुसरी केबिन दुसऱ्या खेपेत आली. आणि तिच्यात आपण राहणार असं आईनं त्याच संध्याकाळी, सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

मी फार भांडले. लोक काय म्हणतील, एकुलती एक मुलगी आणि आईला पत्र्याच्या डब्यात ठेवलं. तुझं वय काय, दवाखाना किती दूर. आई ऐकत होती. मग म्हणाली, "गुढियारीच्या घरी मी तुह्या बाबाची बायको होती, तुही आई होती. इथं मी आणि तो, दोघंच होतो. मले इथं राहू दे."

गुढियारीचं घर मग आम्ही किरायानं दिलं. तिथं एक शिक्षक कुटुंब आहे, चांगली माणसं आहेत.

आई आता दीदीच्या शेजारी राहते. सकाळी दोघींचा चहा एकत्र, दीदीच्या दारात. आई छत्तीसगढी बोलते, वऱ्हाडी हेलात. दीदी मराठी बोलते आणि तिचं मराठी माझ्या मुलीपेक्षा बरं आहे. माझी मुलगी आजीशी हिंदीत बोलते, आजी तिला मराठीत उत्तर देते, दीदी मधे बसून दोघींना दुरुस्त करते. पाऱ्यातल्या बायका दुपारी येतात. आईला कोणी एकटी ठेवलेली बाई समजत नाही. तिला शिवणवाल्या दीदीची दाई म्हणतात.

एक गोष्ट मात्र मला सांगितली पाहिजे, कारण त्यात माझी चूक होती. मागच्या वर्षी आई दोन दिवस तापानं पडली होती. दीदीनं रात्रंदिवस तिचं केलं, मला कळवलं ते ताप उतरल्यावर. मी गेले तेव्हा मला फार भरून आलं. मी तिला म्हटलं, दीदी, आजपासून किराया बंद. तुम्ही घरच्याच आहात. मला वाटलं ती खूश होईल.

ती खूश झाली नाही. कापडावर खडूनं रेघ मारत होती, ती रेघ पुरी केली. मग म्हणाली, "किराया नइ लेहू, त मैं इहां कोन आंव?"

किराया घेणार नाही, तर मी इथं कोण? मला आधी कळलं नाही. तिनं काठी टेकवून मला दाराशी नेलं. दाराच्या कडीवर हात ठेवला.

"लइका रहेंव त ममा के घर, फेर काकी के घर, फेर कोनो के ऊपर के खोली. सबो झन कहिन, तोर घर आय. फेर कोनो दिन नइ कहिन." लहानपणी मामाकडे, मग काकीकडे, मग कोणाच्या वरच्या खोलीत; सगळे म्हणाले, हे तुझंच घर आहे, आणि एक दिवस म्हणेनासे झाले. "इहां मैं किराया देथंव. त ये दरवाजा मोर आय. बंद करंव के खोलंव." किराया देते म्हणून हे दार तिचं; लावायचं की उघडायचं ते तीच ठरवणार.

आई आपल्या खाटेवरून हे ऐकत होती. ती मला म्हणाली, "देऊ दे तिले. तुह्या बाबालेही असाच किरायदार पाहिजे होता."

मी माफी मागितली. दीदी म्हणाली, माफी कशाची, चहा घे. वर हेही म्हणाली की इतक्या वर्षांत बाबूजींनी किराया वाढवलाच नाही, आणि त्यांच्या मागं दाईही गप्प. पुढच्या महिन्यापासून शंभर रुपये वाढव, आजकाल ब्लाउजचा भाव वाढला आहे. मी वाढवले.

परवा रविवारी गेले तेव्हा भाऊही आला होता. त्याची निवृत्ती जवळ आली आहे आणि त्याला भिलाईत राहायचं नाही. तिसरा एखादा डबा मिळेल का, विचारत होता. मी म्हटलं, बघते. उरला म्हणून कारखान्यांचा भाग आहे, तिकडे जुन्या केबिन विकायला असतात असं ऐकलं आहे. जायच्या आधी आई म्हणाली, घ्यायच्या आधी ठोकून पाहायची, आणि मलेही सोबत घेऊन जायचं.